यंत्राचाही पूर्वेतिहास

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत वाहनांच्या यांत्रिक दोषांवरचा लेख पाहून काही सभासद पान उलटतील, तर काही जण ‘अस्थिरोगतज्ज्ञाला उतारवयात गॅरेज काढायची इच्छा झालेली दिसते’ असे म्हणतील. दोन्ही प्रतिक्रिया मला मान्य आहेत. तरीही हा विषय मी निवडला, याचे कारण असे की एका विशिष्ट वाहनाच्या बाबतीत गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जे घडले, त्याचा आरंभ कारखान्यात झाला असला तरी त्याचा उलगडा रुग्णालयांच्या अपघात विभागांत झाला. हे वाहन म्हणजे ‘ऑल टेरेन व्हेइकल’, अर्थात कोणत्याही भूभागावर चालणारी गाडी. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे आसन. आपल्याकडे तिला कोणी ‘एटीव्ही’ म्हणतात, कोणी ‘क्वाड बाईक’. सुट्टीत गोव्याला किंवा कोकणातील किनाऱ्यांवर जाणाऱ्या आपल्या बेळगावकरांना ती आता अपरिचित राहिलेली नाही.

या वाहनाचा जन्म व्यापारी अडचणीतून झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांची तक्रार अशी होती, की हिवाळा सुरू झाला की मोटारसायकलींना गिऱ्हाईक राहत नाही. बर्फ, चिखल, वाळू अशा कशावरही चालेल अशी एखादी वस्तू त्यांना हवी होती. ओसामू ताकेउची या अभियंत्याने यावर काढलेला तोडगा १९७० साली ‘यूएस ९०’ या नावाने बाजारात आला. पुढे एक चाक, मागे दोन चाके, आणि स्प्रिंगांचे काम करायला केवळ अत्यल्प दाबाचे, फुग्यासारखे मऊ टायर. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या चित्रपटात जेम्स बाँड त्यावर बसून पळाला. जाहिरातीला याहून अधिक काय हवे? पाहता पाहता ही तीनचाकी अमेरिकेतील शेतांत, जंगलांत आणि मुख्य म्हणजे घरांच्या परसात पोहोचली.

तीनचाकीची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे. कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवलेली होती. मोटारीत असते ते डिफरेन्शियल तिच्यात नव्हते. कोणतेही वाहन वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते व आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला बांधलेली असतील, तर हँडल वळवले तरी गाडी सरळ जाऊ पाहते. ती वळवायची असेल तर चालकाने पायाचा जोर बाहेरच्या बाजूला द्यायचा आणि धड मात्र आतल्या बाजूला झुकवायचे, म्हणजे आतल्या चाकावरचा भार कमी होऊन ते किंचित घसरते. सायकल किंवा स्कूटर चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली प्रतिक्षिप्त क्रिया अशी नसते. त्यातून पुढे एकच चाक असल्यामुळे वळताना गाडीचा आधार तिपाईसारखा तिरका होतो. आणि टायर मऊ असल्याने धक्का शोषला न जाता गाडी चेंडूसारखी उसळते.

याचे परिणाम आपल्या शाखेच्या डॉक्टरांना न सांगताही कळतील. तोल जातोय असे वाटताच माणूस स्वाभाविकपणे पाय खाली टेकवतो. सायकलवर हा पाय त्याला वाचवतो. तीनचाकीवर मागचे रुंद चाक त्याच पायावर चढते आणि नडगीची दोन्ही हाडे मोडतात. चढावर अधिक रेझ दिली तर पुढचे चाक उचलले जाऊन सारे यंत्र मागे, चालकाच्या छातीवर उलटते. उताराला आडवे गेल्यास बाजूला कोलमडते. मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा, कारण हे वाहन तोलण्याचे मुख्य साधन म्हणजे चालकाचे स्वतःचे वजन आणि तेच मुलांपाशी नसते.

आता यात चूक कोणाची? कंपन्यांचे उत्तर वर्षानुवर्षे एकच होते: चालकाची. त्याने वेग जास्त ठेवला, हेल्मेट घातले नाही, सूचना वाचल्या नाहीत. हे सारे पुष्कळदा खरेही होते आणि म्हणूनच ते उत्तर इतके दिवस टिकले. परंतु असंख्य वेगवेगळी माणसे एकाच क्षणी, एकाच तऱ्हेने, एकच चूक करू लागली, तर त्या चुकीचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधायचे की ज्या यंत्राने तिला निमंत्रण दिले त्यात? शस्त्रक्रियागृहात दोन नळ्यांची तोंडे एकसारखी असल्यामुळे चुकीची नळी जोडली गेली, तर आज आपण केवळ परिचारिकेला दोष देऊन थांबत नाही; नळीची तोंडे बदलायला सांगतो. वाहनांच्या बाबतीत मात्र आपले मन अजून जुन्याच काळात आहे.

अमेरिकेत हा प्रश्न पुढे आला तो मोजणीमुळे. तेथील ‘कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन’ या ग्राहकसुरक्षा आयोगाने १९७०च्या दशकात एक पद्धत सुरू केली. देशभरातून नमुना म्हणून निवडलेल्या सुमारे शंभर रुग्णालयांच्या अपघात विभागांतील केसपेपर प्रशिक्षित नोंदकर्ते वाचतात. रुग्णाचे वय, इजा झालेला अवयव, निदान, त्याला दाखल केले की घरी पाठवले या गोष्टींबरोबरच इजा कोणत्या वस्तूमुळे झाली, हेही ते टिपतात. प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक क्रमांक असतो. शिडीला वेगळा, पाळण्याला वेगळा, तीनचाकीला वेगळा. घटना कशी घडली याची एकदोन वाक्येही नोंदवली जातात. या नमुन्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो आणि संशयास्पद प्रकरणांत पुढे दूरध्वनीवरून किंवा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास होतो. रात्री दोन वाजता झोपाळलेल्या निवासी डॉक्टराने खरडलेली ती दोन वाक्ये हाच या साऱ्या इमारतीचा पाया, हे मला फार विलक्षण वाटते. त्याने नुसते ‘पडून इजा’ असे लिहिले असते, तर आकडा कोणत्याच रकान्यात पडला नसता.

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे आकडे इतके वाढले, की डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकी सरकारने कंपन्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिल १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या पाच कंपन्यांशी तडजोड मंजूर झाली. नवीन तीनचाकींची विक्री थांबली. मोठ्या इंजिनाची गाडी १६ वर्षांखालील मुलांसाठी विकायची नाही, खरेदीदाराला प्रशिक्षण द्यायचे, ठळक इशारे लावायचे, असे ठरले. परंतु आधी विकलेल्या तीनचाकी परत घेण्याची किंवा पैसे परत करण्याची सक्ती या तडजोडीत नव्हती. ग्राहक संघटनांनी यावर आक्षेप घेतला, तो मला रास्त वाटतो. दुकानातील यंत्र धोकादायक ठरले आणि तेच यंत्र शेजाऱ्याच्या पडवीत उभे असले की ते सुरक्षित ठरले, हा कोणता न्याय? तडजोडीची मुदत १९९८ साली संपली. तीनचाकींच्या विक्रीवर कायद्याने बंदी यायला २००८ साल उजाडावे लागले. दरम्यान अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १६ वर्षांखालील कोणीही हे वाहन चालवू नये अशी भूमिका घेतली, आणि ती आजतागायत सोडलेली नाही.

तीनचाकीची जागा चारचाकीने घेतली. सुझुकीने १९८२ सालीच पहिली चारचाकी आणली होती. ती अधिक स्थिर खरीच. पण उलटण्याचा धोका कमी झाला, नाहीसा झाला नाही. नंतर मोटारीसारखे स्टिअरिंग, पट्टे आणि शेजारी-शेजारी दोन आसने असलेली तिची मोठी बहीण आली. यामाहाची ‘रायनो’ ही त्यांतली गाजलेली. मार्च २००९ मध्ये आयोगाच्या सहकार्याने कंपनीने सुमारे १,२०,००० रायनो गाड्यांची मोफत दुरुस्ती जाहीर केली. आयोगाने तपासलेल्या ५०हून अधिक घटनांत ४६ चालक व प्रवासी मृत्युमुखी पडले होते. बहुतेक घटनांत गाडी उलटली होती, आणि त्यांतील अनेक तर सपाट जमिनीवर, तुलनेने कमी वेगात वळताना! दुरुस्ती काय होती म्हणाल, तर मागच्या चाकांना जाड चकत्या लावून त्यांच्यातील अंतर वाढवायचे आणि मागचा एक स्थैर्यदांडा काढून टाकायचा. जी गोष्ट काही चकत्यांनी सुधारते, ती ‘चालकाची चूक’ होती असे म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. एप्रिल २०१६ मध्ये पोलारिस कंपनीने ‘आरझेडआर’ या मालिकेतील सुमारे १,३३,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. चालू असताना त्या पेट घेत होत्या. तोवर १६०हून अधिक आगींच्या तक्रारी आल्या होत्या. १९ जण जखमी झाले होते आणि उलटून पेटलेल्या गाडीतील १५ वर्षांच्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला होता. अमेरिकी कायद्यानुसार घातक दोषाची माहिती हाती येताच कंपनीने २४ तासांत आयोगाला कळवायचे असते. कंपनीने ती वेळेवर कळवली नाही, असा आयोगाचा आरोप होता. २०१८ साली दोन कोटी साडेबाहत्तर लाख डॉलर दंड भरून ते प्रकरण मिटवण्यात आले. दंड मोठा आहे. पण माझे लक्ष जाते ते त्या मधल्या काळाकडे. पहिली आग लागली तेव्हा ती एक दुर्घटना होती. दहावी लागली तेव्हा तो योगायोग म्हणता आला असता. शंभरावी लागेपर्यंत प्रत्येक जळालेल्या माणसाला आपण एकटेच दुर्दैवी आहोत असे वाटत राहिले असणार, कारण सगळा हिशेब एकाच टेबलावर होता आणि ते टेबल कंपनीचे होते.

आमच्या शाखेला हा अनुभव नवा नाही. २०१० साली एका धातूच्या कृत्रिम खुब्याची जगभर माघार झाली, ती ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील सांधेरोपण नोंदवह्यांतून पुनर्शस्त्रक्रियांचे वाढते प्रमाण दिसल्यामुळे. एकेका शल्यविशारदाला आपल्या दोन-तीन रुग्णांपुरते काहीतरी बिनसले आहे एवढेच दिसत होते. वहीला चित्र दिसले.

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख आलाच आहे तर या वाहनाचे तेथील प्रकरणही सांगतो. तेथे क्वाड बाईक हे करमणुकीपेक्षा शेतकऱ्याचे साधन आहे. मेंढरे वळायला, कुंपण पाहायला तो तिच्यावरूनच फिरतो. तेथील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले, की उलटलेल्या गाडीखाली अडकलेल्या अनेकांच्या डोक्याला प्राणघातक मार नव्हता. अडीच-तीनशे किलोचे यंत्र छातीवर पडून राहिल्याने श्वास घेता न येऊन ते गेले होते. माणूस शुद्धीवर आहे, हातपाय शाबूत आहेत, आणि केवळ बरगड्या वर उचलता येत नाहीत म्हणून तो मरतो, तेही घरापासून हाकेच्या अंतरावर. हेल्मेट घातले असते तरी यात काय फरक पडला असता? शवविच्छेदनातील या एका निष्कर्षाने उपायाची दिशाच बदलली. २०१९ साली तेथे सक्तीचे मानक आले. गाडी किती अंशांवर कलंडते हे विक्रीच्या वेळी चिठ्ठीवर लिहिणे आवश्यक झाले, आणि ऑक्टोबर २०२१ पासून कामासाठीच्या नव्या क्वाड बाईकला मागे एक संरक्षक कमान बंधनकारक झाली, जेणेकरून गाडी उलटली तरी खाली माणसापुरती पोकळी राहावी. काही नामांकित कंपन्यांनी ही कमानच इजा करील असा युक्तिवाद केला आणि कमान लावण्याऐवजी ती बाजारपेठच सोडली. त्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण यंत्रात बदल सुचवला की कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया कशी असते, याचा नमुना म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हे सारे दूरदेशीचे झाले. आता आपल्याकडे वळतो. दोन हिवाळ्यांपूर्वी तेरा वर्षांच्या एका मुलाला आमच्याकडे आणले. शहरापासून काही अंतरावरच्या डोंगरातील एका रिसॉर्टवर सहकुटुंब गेले असताना क्वाड बाईक दगडी बांधावर चढून उलटली होती. डाव्या नडगीची दोन्ही हाडे मोडली होती, दोन बरगड्यांना चीर होती. सुदैवाने फुप्फुस वाचले होते. वडील मुलावरच रागावलेले. “शंभरदा सांगितलं होतं डॉक्टर, हळू चालव म्हणून. ऐकतो कुठं?” मुलगा बराच वेळ गप्प होता. प्लास्टरचे सामान काढायला वडील बाहेरच्या औषधाच्या दुकानात गेले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाला, “डॉक्टरकाका, मी अंगठा काढला होता हो. तरी ती जातच राहिली.”

या गाड्यांना मोटारसायकलसारखी फिरवायची मूठ नसते. उजव्या अंगठ्याने दाबायची एक छोटी दांडी असते. अंगठा काढला की स्प्रिंगच्या जोराने ती मागे यावी आणि गाडी मंद व्हावी. परदेशांतील परत बोलावण्याच्या सूचना चाळल्या तर त्यांत ठराविक तक्रारी पुनःपुन्हा भेटतात. ही दांडी किंवा तिची तार अडकून राहणे, स्टिअरिंगचा सांधा सैल होणे, ब्रेक निकामी होणे, इंधन गळणे. ती लक्षणे मला ठाऊक होती, म्हणून मुलाचे वाक्य मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्याच्या काकांना जागेवर जाऊन गाडी पाहून यायला सांगितले. ते आठवड्याने, रविवारी गेले. तेव्हा त्याच गाडीवर दुसऱ्या एका कुटुंबातील मुलगी बसलेली होती. काकांनी आरडाओरडा करून तिला उतरवले. बरोबर नेलेल्या ओळखीच्या मेकॅनिकने दांडी दाबून सोडली, तर ती अर्ध्यावरच राहिली. तारेचे वेष्टण फाटून आत गंज चढला होता. मडगार्डवर कंपनीचा इंग्रजीत इशारा होता, १६ वर्षांखालील मुलांना ही गाडी देऊ नये. त्यावर अर्ध्या भागात रिसॉर्टचे स्वतःचे रंगीत स्टिकर चिकटवलेले होते. व्यवस्थापकाचे म्हणणे एवढेच, की “पोरांनी रेझ सोडली नाही तर आम्ही काय करणार?”

मेकॅनिकच्या मते दोष देखभालीचा होता, निर्मितीचा नव्हे. आणि हा भेद महत्त्वाचा आहे, कारण जबाबदारी कोणावर जाते ते त्यावर ठरते. परंतु मुलाने सांगितलेले लक्षण खरे होते. वडिलांच्या निदानावर सगळ्यांनी मान डोलावली असती तर ती तार तशीच राहिली असती, आणि त्या मुलाने जन्मभर स्वतःला दोषी मानले असते.

आपल्या कायद्याची स्थिती काय आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते लागू आहेत आणि विक्रीच्या प्रमाणात ठराविक संख्येने तक्रारी आल्या की प्रक्रिया सुरू होते. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण ती रस्त्यावरच्या नोंदणीकृत वाहनांच्या मापाने बेतलेली आहे. ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येणारा एखादा अपवाद सोडल्यास क्वाड बाईक रस्त्यावर चालवताच येत नाही. तिला क्रमांकाची पाटी नाही, आर.सी. पुस्तक नाही. परदेशी कंपनीने उद्या ती परत बोलावलीच, तर तिसऱ्या हाताने विकली गेलेली गाडी कोणत्या किनाऱ्यावर उभी आहे हे शोधणार कसे? त्या मानाने २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा अधिक उपयोगी आहे. त्यात सदोष वस्तूसाठी उत्पादकाबरोबरच विक्रेता व सेवा देणाराही उत्तरदायी धरता येतो; आणि जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आमच्या रुग्णाच्या काकांनी तो फिरवला आणि तक्रार नोंदवली.

औषधांचे दुष्परिणाम कळवण्याची सवय आपण हळूहळू लावून घेतली. २०१५ सालापासून वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांसाठीही देशात तशीच नोंदव्यवस्था आहे. खेळणी, पाळणे, प्रेशर कुकर, क्वाड बाईक यांच्यामुळे होणाऱ्या इजांसाठी मात्र केसपेपरपलीकडे काहीच नाही. म्हणून निदान तो केसपेपर तरी पूर्ण असावा, एवढेच माझे मागणे आहे. आमच्या रुग्णालयात आता अशा रुग्णाच्या कागदावर पाच गोष्टी लिहिल्या जातात: गाडीची कंपनी व मॉडेल, ती भाड्याची की स्वतःची, इजेच्या आधी गाडीने नेमके काय केले हे रुग्णाच्या शब्दांत, ती आता कुठे आहे, आणि तिचे छायाचित्र आहे का. पाचही गोष्टी विचारायला तीन मिनिटे लागतात. नातेवाईक जवळ असतील तर मुलाला एकट्याने विचारावे, हा माझा अनुभव. या नोंदींचा एक पानी नमुना मी तयार केला असून मंडळाच्या पुढील मासिक सभेत त्याच्या प्रती ठेवणार आहे. ज्या सभासदांची रुग्णालये आंबोली, चोर्ला आणि गोव्याच्या रस्त्यांलगत आहेत, त्यांनी त्या अवश्य न्याव्यात. मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी त्या अपघात विभागाच्या टेबलावर पोहोचलेल्या बऱ्या.